हातचा कुठे ठेवायचा?

दिघोरीतल्या एका शाळेत मी गणित शिकवत असे. शाळेत पहिला संगणक आला, तेव्हा तो शिकवण्याचे कामही माझ्याकडेच आले. मी फळ्यावर चौकोन काढायचो, बाण काढायचो आणि 'संगणकाला शून्य व एक एवढेच कळते' हे वाक्य लिहून द्यायचो. सातवीतल्या एका मुलाने एकदा विचारले, "सर, कम्प्युटरले हात नाही, मंग हातचा कुठी ठेवते?" वर्ग हसला. मीही हसलो आणि "पुढच्या वर्षी शिकशील" म्हणून पुढे सरकलो. पुढच्या वर्षीही शिकवायला मीच होतो आणि मला उत्तर येत नव्हते.

निवृत्तीनंतर ते उत्तर शोधायचे ठरवले. पुस्तके वाचून शब्द वाढले, समज वाढली नाही. म्हणून नागपूरहून काही चिप, तारा, बटणे आणि बारीक दिवे आणले आणि बेरीज करणारे यंत्र स्वतः जोडायला बसलो.

त्याचा पाया समजायला आमच्या भागातले मालगुजारी तलाव पुरतात. तलावाच्या पाळीतून नहरात पाणी सोडण्याच्या तोंडाला तुडुम म्हणतात. एकाच नहरावर एकापुढे एक दोन अडसर असतील, तर दोन्ही उघडल्याशिवाय बांधीत पाणी पोहोचत नाही. हे झाले 'आणि'. एकाच बांधीत दोन नहर येत असतील, तर कोणताही एक उघडला तरी पुरते. हे झाले 'किंवा'. असल्या विधानांचे बीजगणित जॉर्ज बूलने १८५४ मध्ये मांडले. विजेच्या बटणांच्या जोडणीला तेच बीजगणित लागू पडते, हे क्लॉड शॅननने १९३७ च्या आपल्या प्रबंधात दाखवले. अशा प्रत्येक जोडणीला इंग्रजीत गेट म्हणतात. आपण द्वार म्हणू.

पाण्याला मात्र एक गोष्ट जमत नाही. इकडून पाणी आले की तिकडचे बंद व्हावे, हा 'नाही'. तो साधतो नँड नावाच्या द्वाराने. त्याच्या दोन्ही तारांवर एक असेल तेव्हाच त्याचे उत्तर शून्य, एरवी एक. दोन्ही तारा एकत्र बांधल्या की 'नाही' तयार होते. नँडपुढे हे 'नाही' लावले की 'आणि' मिळते. बाकीची सगळी द्वारेही या एकाच जातीतून बांधता येतात. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानातल्या संगणकाचे तर्कमंडल अशाच एका जातीच्या, नॉर नावाच्या, हजारो द्वारांचे होते.

आता बेरीज. दोनांच्या पद्धतीत एक अधिक एक म्हणजे शून्य, हातचा एक. दोन्ही अंक एक असतील तेव्हाच हातचा येतो, म्हणजे हातचा हे 'आणि'चे काम. खाली एक केव्हा लिहायचा? दोन अंक वेगळे असतील तेव्हा. आधीच्या घराचा हातचाही धरला, तर एका घराला नऊ नँड लागतात. ७४०० या प्रसिद्ध चिपमध्ये चार नँड असतात. चार घरांची छत्तीस द्वारे, म्हणजे नऊ चिप.

सगळे जोडले आणि उत्तर चुकले. तेही दर वेळी वेगळे. चिपजवळ हात नेला की दिवा लागायचा, मागे घेतला की विझायचा. तीन दिवस गेले, तेव्हा चूक सापडली. बटण बंद केले की तारेवर शून्य येते, असे मी धरून चाललो होतो. पण ती तार कशालाच जोडलेली नव्हती. तिच्यावर शून्यही नव्हते, एकही नव्हता. शून्य हवे असेल तर तार रोधकातून ऋण टोकाला जोडावी लागते. 'शून्य म्हणजे काही नाही' असे मी आयुष्यभर शिकवले. इथे कळले, शून्य हेही सांगावे लागते.

मग सात अधिक एक मांडले. पहिल्या घराचा हातचा दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, तिसऱ्याचा चौथ्यात गेला आणि आठचा दिवा लागला. मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले: हातचा ठेवतच नाहीत, तो तारेने शेजारच्या घराला देतात.

अर्धेच, कारण बटण सोडले की बेरीजही गेली. त्यात पुढची संख्या मिळवायची तर ती कुठेतरी धरून ठेवायला हवी. त्याची युक्ती दोन नँडांत आहे. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला आणि दुसऱ्याचे पहिल्याला द्यायचे. एक बटण दाबले, दिवा लागला. बटण सोडले, दिवा लागलेलाच राहिला. दुसरे दाबेपर्यंत तो विझत नाही. दाराची कडी सरकवून हात काढला तरी ती जिथल्या तिथे राहते, तसेच हे. याचे इंग्रजी नाव लॅच, म्हणजे कडीच. अशा कड्यांची रांग, त्या कधी सरकवायच्या हे सांगणारा घड्याळाचा ठोका आणि पुढे काय करायचे याच्या सूचनाही अंकांतच साठवलेल्या. संगणकाचा गाभा एवढाच.

बांधून शिकण्याचा हा मार्ग आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर चालला गेला आहे. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५ मध्ये ब्रिटनहून संगणक आणला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मात्र आर. नरसिंहन यांच्या गटाने तो स्वतःच बांधायला घेतला. नरसिंहन सोडले, तर गटातल्या कोणी त्याआधी संगणक वापरलेलाही नव्हता. १९५६ मध्ये छोटे प्रायोगिक यंत्र चालू झाले, १९६० मध्ये मोठे. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. स्मृती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द चाळीस अंकांचा आणि एकेका अंकाला फेराइटचे एकेक इवले कडे. ते यंत्र काही वर्षांतच जुने झाले. ते बांधताना शिकलेली माणसे मात्र देशाच्या संगणकशास्त्राला मिळाली.

गेल्या दिवाळीत तो विद्यार्थी घरी आला. आता त्याची स्वतःची मुले शाळेत जातात. आपला प्रश्न तो विसरला होता. मी त्याला पाट्यावरची जोडणी दाखवली. त्याने बटण दाबले, सोडले. दिवा तसाच राहिलेला पाहून विचारले, "आन् लाइन गेली तं, सर?"

"गेली तर सगळे पुसले जाते," मी म्हणालो. मग त्याला बसवून घेतले आणि मुंबईच्या त्या चुंबकी कड्यांची गोष्ट सांगितली, वीज गेली तरी आपला अंक न विसरणाऱ्या. या वेळी पुढच्या वर्षावर ढकलले नाही.