हामूरचा हिशेब

अबूधाबीतल्या रुवैसच्या मासळी काउंटरवर बर्फात हामूर मांडलेला दिसतो, त्यामुळे समोरच्या समुद्रात तो मुबलक असणार असं वाटतं. हामूर म्हणजे आपल्याकडचा हेकरू किंवा गोब्रा. पण अमिरातीत खपणाऱ्या मासळीचा मोठा भाग आयात होतो. काउंटर पाहून फार तर आयातदाराची ऐपत कळते.

मग साठा कळतो कसा? ‘पाण्याखालचे मासे कोण मोजणार’ ही शंका रास्त आहे, आणि एकेक मासा कुणी मोजतही नाही. बंदरावर उतरलेल्या माशांची लांबी नोंदवतात, कानातला खडा कापून त्यावरच्या वलयांवरून वय काढतात. मग मासेमारी झालीच नसती तर अंडी घालणारे मासे किती असते आणि त्यांतले किती उरले, हे गणिताने काढतात. हे प्रमाण ३० टक्क्यांखाली गेलं की धोका. अबूधाबी पर्यावरण संस्था आणि अमिरातीच्या केंद्रीय मंत्रालयाच्या २०१६च्या पाहणीत हामूर, शारी आणि फर्श या जाती दहा टक्क्यांच्या आसपास निघाल्या. हामूरचं दुखणं जास्तच किचकट: हे मासे आधी मादी असतात, मोठे झाल्यावर त्यांतले काही नर होतात. मोठे मासे वेचून काढले की नरांचाच तुटवडा.

रुवैसच्या रिफायनरीच्या सावलीत राहणाऱ्याला वाटतं, मासे तेलाने संपवले. पाहणीचा रोख मात्र अतिमासेमारीवर आहे, आणि दोष बड्या ट्रॉलरांवर ढकलायचीही सोय नाही. इथलं मुख्य साधन होतं गरगूर, म्हणजे तारेचा घुमटाकार पिंजरा. तो हरवला तरी तळाशी मासे अडकवत राहतो. मे २०१९पासून अबूधाबीने त्यावर बंदी घातली. समुद्र तापतोय हेही खरंच; २०१७च्या उन्हाळ्यात अबूधाबीतले सुमारे तीन चतुर्थांश प्रवाळ मेले. पण उष्णतेवर स्थानिक बंदी घालता येत नाही, पिंजऱ्यावर येते.

सध्याचा सर्वांत गोड गैरसमज एका आकड्याचा आहे. अबूधाबीचा शाश्वत मासेमारी निर्देशांक २०१८मध्ये ८.९ टक्के होता, २०२४मध्ये ९७.४ झाला. वाचणाऱ्याला वाटतं, समुद्र पुन्हा भरला. हा निर्देशांक समुद्रातल्या माशांचा नाहीच. पकडून आणलेल्या मासळीतला किती हिस्सा शाश्वत रीतीने पकडल्या जाणाऱ्या जातींचा आहे, एवढंच तो सांगतो. संकटातल्या जाती जाळ्यात कमी आल्या, की तो चढतो. कामगिरी मोठी आहे, यात वाद नाही. पण साठा किती सावरला, याचं उत्तर वेगळ्या पाहणीतूनच मिळेल. त्यासाठी स्पेनमधल्या विगोत बांधलेलं ‘जयवून’ हे ५० मीटर लांबीचं संशोधन जहाज २०२३मध्ये अबूधाबीत आलं.

कोकणातल्या माणसाची आणखी एक अडचण. महाराष्ट्रातली बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणून बंदी म्हणजे पावसाळा, हे डोक्यात पक्कं. इथे पावसाळाच नाही. साफी आणि शारी हे मासे मार्च-एप्रिलमध्ये अंडी घालतात, तेव्हा त्यांच्या पकडीला आणि विक्रीला मनाई. कनअद, म्हणजे आपली सुरमई, आखातभर फिरते आणि कुठल्याच एका देशाची नाही, म्हणून तिच्यासाठी १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर ही बंदीची मुदत आखाती देशांनी मिळून ठरवली.