मे महिन्यातली भाजणी, जुलैतलं जेवण

हार्बर लाइनवर उभ्याने प्रवास करून नेरूळला किंवा खारघरला उतरायचं, घरी पोचेस्तोवर आठ वाजलेले असतात. भाजी आणलेली नसते आणि ती निवडायचं त्राणही उरलेलं नसतं. अशा वेळी हात मोबाइलकडे जातो. खरं तर तो आधी फडताळाकडे जायला हवा, कारण अशा रात्रीची तयारी या मुलखाने फार पूर्वीच करून ठेवलेली आहे.

१९७०मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. इथल्या आगरी-कोळी घरांत पावसाच्या तोंडावर ‘आगोट’ भरण्याची रीत आहे. वर्षाचा मसाला, तांदूळ, पापड, चिंच, आमसुलं आणि सुकी मासळी उन्हं कडक आहेत तोवरच घरात येते. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत ताज्या म्हावऱ्याची जागा जवळा, सुकट, बोंबील आणि सोडे घेतात. जवळा पाखडायचा, तव्यावर जरा भाजायचा, पाण्यातून काढून घट्ट पिळायचा. भरपूर कांदा, ठेचलेला लसूण, घरचा मसाला आणि दोन आमसुलं यांत परतला की बाजूला भात होईपर्यंत कालवण तयार.

ही घाई साधते कशी? वेळखाऊ काम आधीच उरकलेलं असतं. कुळीथ अख्खे शिजवायचे तर रात्रभर भिजवावे लागतात. तेच भाजून, टरफलं काढून दळले की पिठलं दहा मिनिटांत होतं. थालीपिठाच्या भाजणीतलं प्रत्येक धान्य आणि डाळ वेगवेगळी खमंग भाजलेली असते, म्हणून पिठाला कच्चट वास राहत नाही आणि ओल निघून गेल्यामुळे ते टिकतंही. मेतकुटाचंही तेच. पोह्यांचा भात तर कांडण्याआधीच भाजलेला असतो, म्हणून ते नुसते भिजवले तरी खाता येतात. जुलैतल्या दहा मिनिटांमागे मे महिन्यातली अख्खी दुपार असते, आणि ती बहुतेक बायकांनीच खर्ची घातलेली असते. आज हेच काम महिला बचत गट पैसे घेऊन करून देतात. त्यांच्या भाजणीचे चार पैसे जास्त पडले तरी ते देताना घासाघीस करू नये.

पिठल्यात गुठळ्या होतात म्हणून पुष्कळ नवशिके त्याच्या वाटेला जात नाहीत. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात पडलं की कणांच्या पुंजक्यांचं बाहेरचं आवरण लगेच चिकट होतं आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. म्हणून पीठ आधी गार पाण्यात कालवावं, लसूण-मिरचीच्या फोडणीत पाणी उकळलं की धार धरून ओतावं आणि हात थांबू देऊ नये. डावभर कोकमाचं आगळ घातलं की भाजीची आठवण येत नाही. सोबत भात असला की ताटही पुरं होतं: तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते कडधान्य भरून काढतं.

सामानासाठी लांब जायला नको. तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत धान्याचा आणि मसाल्याचा असे दोन वेगळे घाऊक बाजार आहेत. दिवाळ्यासारख्या कोळीवाड्यांत सुकी मासळी मिळते. जवळा घेताना तो कोरडा, कुरकुरीत आहे ना, मुठीत वाळू लागत नाही ना, एवढं पाहावं.

खाडीकाठच्या या शहरात पावसाळ्यात हवाच ओली असते. पीठ थोडंच, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं, ओला चमचा बुडवू नये. रवा भाजूनच भरावा, म्हणजे अळ्या होत नाहीत आणि उपम्याचं अर्धं कामही होऊन जातं. सुकी मासळी मात्र ऑगस्टमध्ये ऊन पडेल त्या दिवशी पुन्हा गच्चीत पसरावी लागते.