भोळ्याची गोष्ट, भोळ्याच्याच तोंडून

प्रत्येक आळीत एखादा ‘भोळा’ असतो. वयाने तिशीचा, पण समज सात-आठ वर्षांच्या पोराची. दिवाळीत फराळाची ताटे घरोघर पोचवायला तो हवा असतो. आणि ताट पोचवून आला, की ‘काय रे, लग्न कधी करतोस?’ म्हणून त्याची फिरकी घ्यायलाही तोच हवा असतो. सगळे हसतात. तोही हसतो. ते हसणे त्याला काय वाटत असेल, हा विचार आपल्या मनाला सहसा शिवत नाही.

अमेरिकन लेखक डॅनियल कीज यांच्या मनाला तो शिवला. ते शाळेत इंग्रजी शिकवीत. मागे पडलेल्या मुलांच्या वर्गातील एकाने त्यांना विचारले, ‘मी खूप अभ्यास करून हुशार झालो, तर मला नेहमीच्या वर्गात बसवाल का?’ तो प्रश्न त्यांच्या मनातून जाईना. १९५९ साली त्यांनी एक कथा प्रसिद्ध केली आणि १९६६ साली तिचीच कादंबरी केली : ‘फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन’.

कादंबरीचा निवेदक चार्ली गॉर्डन हा न्यूयॉर्कमधल्या एका बेकरीत झाडलोट करतो. वय बत्तीस, बुद्ध्यांक ६८. आपली हकीकत तो स्वतःच लिहितो, मोडक्यातोडक्या, अशुद्ध भाषेत. बेकरीतले सोबती आपल्याला पाहून हसतात, म्हणजे त्यांचा आपल्यावर फार जीव आहे, असे तो मनापासून लिहितो. खरे काय ते वाचकाला कळते, चार्लीला कळत नाही. आणि वाचणाऱ्याचाच घसा दाटून येतो.

डॉक्टर त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करतात. हीच शस्त्रक्रिया अल्जरनॉन नावाच्या उंदरावर आधी झालेली असते. चार्लीचे शुद्धलेखन सुधारते, बुद्धी झेपावते, तो डॉक्टरांच्याही पुढे जातो. पण त्याच बुद्धीने त्याला जुन्या हसण्याचा अर्थ कळतो. एका खानावळीत एका मंदबुद्धी पोऱ्याच्या हातून बशा फुटतात, लोक खिदळतात, आणि पोरगाही त्यांच्याबरोबर गोंधळून हसतो. चार्लीला त्या लोकांचा संताप येतो, आणि स्वतःचाही.

शस्त्रक्रियेचा गुण टिकत नाही. उंदीर मरतो, चार्लीची भाषा पुन्हा अडखळू लागते. तो बेकरीत परततो. तिथे एक नवा कामगार त्याला छळू लागतो, तेव्हा एके काळी त्याची टिंगल करणारे तेच सोबती मध्ये पडून त्याला सोडवतात. चार्लीची बुद्धी आली तशी गेली. पण भोवतालच्या माणसांत झालेला पालट राहिला. मला तर या कादंबरीतली खरी शस्त्रक्रिया तीच वाटते.

आपल्याकडे १९९१ च्या ‘चौकट राजा’ चित्रपटात दिलीप प्रभावळकरांच्या नंदूने प्रेक्षकांना असेच रडवले होते. पण रडणे सोपे. स्वतःला बदलणे कठीण. ते कठीण काम प्रत्यक्षात कसे होते, याचे एक उदाहरण डहाणू तालुक्यात आहे. तिथला प्रश्न मात्र निराळा होता, हे आधीच सांगायला हवे. डहाणू-तलासरीकडची वारली मुले मुळीच मंद नव्हती. त्यांची बोली वेगळी, दिवस गुरांमागे जायचा. तरी शाळेत येत नाहीत म्हणून ‘यांना शिकणे जमायचे नाही’ असा शिक्का मारणे शहरी माणसाला सोपे होते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेले काम १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर नेले. मूल शाळेत येत नाही ना? मग शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुराख्यांसाठी तर ती कुरणात भरली आणि कुरणशाळा झाली. पाने, शिंपले, खडे हीच शिकण्याची साधने. मुलांवर ठपका न ठेवता या दोघींनी शाळेलाच बदलायला लावले.

मतिमंद मुलाला आता ‘बौद्धिक दिव्यांग’ म्हणतात; २०१६ च्या कायद्याने त्याला हक्कही दिले आहेत. शब्द बदलला, कायदा आला. राहिलो आपण.

यंदा ताट घेऊन तो दारात आला, तर त्याला ‘लग्न कधी?’ म्हणून विचारू नका. ‘बस रे, चकली खा,’ म्हणा. आणि तो सांगेल ते ऐका. त्याचा आपल्यावर विश्वास आहे. तो खरा ठरवणे आपल्याच हाती आहे.