फ्लोअरवर कोण आहे?

शनिवारची रात्र, साडेनऊ. चकाल्याच्या काचेच्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर एकाच कोपऱ्यात दिवा चालू. एसी कधीच बंद झालाय, पॅन्ट्रीवाला घरी गेलाय आणि तुम्ही क्लायंटच्या कॉलची वाट बघत थंड झालेली कॉफी ढवळताय. बाकीची टीम बंगलोरला, म्हणजे स्क्रीनवर. बॉस नाही, कटकट नाही, मस्त! पण एक सांगा, या क्षणी तुम्ही इथे एकटे आहात हे कुणाला माहीत आहे? बहुधा फक्त खालच्या वॉचमनला.

29 जानेवारी 2017 चा रविवार आठवतोय? पुण्यात हिंजवडीच्या इन्फोसिसमध्ये एक तरुण इंजिनीअर सुट्टीच्या दिवशी नवव्या मजल्यावर एकटीच काम करत होती. सहकारी बंगलोरहून ऑनलाइन. ती फोन उचलेना, तेव्हा मॅनेजरने सिक्युरिटीला बघायला सांगितलं. कॉम्प्युटरच्या वायरने तिचा गळा आवळला होता. खुनाच्या आरोपावरून पोलिसांनी ज्याला मुंबईत सीएसटीवर पकडलं, तो त्याच इमारतीचा सुरक्षारक्षक होता. कॅमेरे होते, स्वाइप कार्ड होतं, गेटवर पहारा होता. नव्हतं ते दुसरं माणूस.

त्याच्या सव्वानऊ वर्षं आधी, 1 नोव्हेंबर 2007 ला, पुण्यातच नाइट शिफ्टला निघालेल्या बीपीओतल्या मुलीवर कंपनीच्या कॅबचा ड्रायव्हर आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला. त्या वेळी कॅबमध्ये तिच्याशिवाय दुसरा कर्मचारी नव्हता. पहिला पिकअप आणि शेवटचा ड्रॉप मुलीचा नको, नाहीतर गार्ड हवा, हा नियम मालाड-अंधेरीच्या कॉल सेंटरवाल्यांना आज पाठ आहे. तो असा महागात पडून आलाय. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानेही रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि घराच्या दारापर्यंत वाहन, ही अट घातली. दारापर्यंत, बरं का! हायवेच्या नाक्यापर्यंत नाही. आणि लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कंपनीने दिलेली कॅब आणि कामासाठी गेलात ती जागा, दोन्ही ‘कामाचं ठिकाण’च.

मुलग्यांनो, पान उलटू नका. मुलुंडला गच्चीवर केबल ओढणारा टेक्निशियन, घाटकोपरच्या गल्ल्यांत हप्त्यांची वसुली करणारा, बोरिवलीत अनोळखी गिऱ्हाइकाला रिकामा फ्लॅट दाखवणारा ब्रोकर हेही एकटेच असतात. शॉक लागला, पाय घसरला, कुणी दार लावून घेतलं, तर ऑफिसला कळणार कधी?

आपल्याकडे यावरचा फंडा एकच: ‘पोचल्यावर मेसेज कर.’ मेसेज येत नाही आणि मैत्रीण झोपून गेलेली असते. म्हणून बडी ठरवताना वेळही ठरवा आणि पुढची पायरीही. दहाला कॉल नाही, सव्वादहाला आपण करायचा, उचलला नाही तर साडेदहाला कुणाला उठवायचं, त्याचं नाव नि नंबर आधीच लिहून ठेवायचा. तो माणूस त्याच बिल्डिंगचा गार्ड नसावा. सुपरवायझर, शिफ्ट मॅनेजर, कुणीही चालेल. एकटीने दाराआडून बोलायची वेळ आली तर? एक साधं वाक्य ठरवून ठेवा, ‘ती निळी फाइल राहिली’ किंवा असंच काही. ऐकणाऱ्याने प्रश्न न विचारता 112 फिरवायचा. मुंबईत महिलांसाठी 103 सुद्धा आहे. बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनवर पॉवरचं बटण पाचदा दाबलं की मदतीचा कॉल लागतो, पण ते सेटिंग आज, कॉफी पिताना चालू करून बघा.

हे सगळं तुम्हीच का करायचं, असं वाटतंय ना? बरोबर आहे, हे कंपनीचं काम आहे. सोमवारी एचआरला सहज विचारून बघा, शनिवारी रात्री दहाला आमच्या फ्लोअरवर कोण कोण होतं? ‘स्वाइप डेटा काढून सांगते’ असं उत्तर आलं, तर तो डेटा शनिवारी रात्री दहाला कोण बघत होतं, तेही विचारा.