कोरे लाकूड, मोजका खर्च आणि जयणा

कार्तिकी पौर्णिमा उलटली, चातुर्मासाची सांगता झाली आणि साधू-साध्वी महाराज विहाराला निघाले की व्यापारी घरांतून चार महिने लांबणीवर टाकलेली कामे पुन्हा वर येतात. दिवाळीचे वहीपूजन झालेले असते, सरल्या वर्षाचा हिशेब समोर असतो आणि यंदा कोणता खर्च पेलवेल याचा अंदाजही आलेला असतो. अशा वेळी अनेक घरांत स्वयंपाकघराचा विषय निघतो. ओट्याखालच्या फळ्या ओलीने फुगलेल्या असतात, दारे बिजागरीतून निखळलेली असतात, कोपऱ्यांत झुरळांनी ठाण मांडलेले असते. मग तयार मॉड्युलर किचनचे अंदाजपत्रक मागवले जाते आणि त्याखालची बेरीज पाहून विषय पुढच्या वर्षावर ढकलला जातो.

वास्तविक या दोन टोकांमध्ये एक मधला मार्ग आहे आणि तो जुनाच आहे. ओटा, सिंक आणि गॅस यांच्या जागा न बदलता, सुताराकडून कोऱ्या लाकडाच्या पेट्या करून घ्याव्यात, त्या ओट्याखाली व भिंतीवर बसवाव्यात आणि वर सनमायका न लावता त्यांना रंग द्यावा. या मार्गात पैसा वाचतो, हे उघडच आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हे काम योग्य क्रमाने केले तर पुढे जीवहिंसेचा प्रसंगच सहसा ओढवत नाही. कमी खर्च आणि जयणा या दोहोंचे गमक एकच आहे: लाकडात ओल शिरू न देणे आणि फट उरू न देणे.

हिशेब कोठे धरावा

स्वयंपाकघराच्या खर्चाचे पाच भाग पडतात: पेटीचे लाकूड, दारे, बिजागऱ्या व खण सरकवणाऱ्या पट्ट्या, रंग आणि मजुरी. ठेकेदाराने एकच ठोक आकडा दिला, तर तो स्वीकारण्यापूर्वी या पाच रकमा वेगळ्या मागून घ्याव्यात. दुकानात माल घेताना जो गृहस्थ वजन, दर आणि वटाव स्वतंत्र पाहतो, त्याने घरच्या कामात ठोक आकड्यावर मान डोलवू नये.

काटकसर दारांच्या झळाळीत करावी, पेटीच्या लाकडात करू नये. प्लायवुड खरेदी करताना तक्त्यावरील भारतीय मानकाचा क्रमांक पाहावा. सर्वसाधारण वापराच्या प्लायवुडसाठी आयएस ३०३ हे मानक आहे, तर उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या चिकटद्रव्याच्या मरीन प्लायवुडसाठी आयएस ७१० आहे. सिंकखालच्या पेटीला दुसऱ्या प्रकारचेच लाकूड वापरावे. आपल्या घरांत पिण्याचे पाणी रोज उकळले जाते आणि त्याची वाफ भिंतीवरच्या पेट्यांच्या तळाला लागते. म्हणून गॅसच्या बाजूच्या पेट्यांनाही हाच न्याय लावावा.

तक्ता कापण्यापूर्वी कागदावर आखणी करून घेतल्यास बचत प्रत्यक्ष दिसते. ८ बाय ४ फुटांचा तक्ता ३२ चौरस फुटांचा असतो. २ फूट रुंद, २ फूट उंच आणि २० इंच खोल अशी ओट्याखालची एक पेटी घेतली, तर दोन बाजू, तळ, मधली फळी आणि दार मिळून सुमारे १७ चौरस फूट १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवुड लागते. करवतीच्या धारेपुरते प्रत्येक माप थोडे कमी धरून तुकडे नीट मांडले, तर अशा तीन पेट्या दोन तक्त्यांत बसतात आणि उरलेल्या पट्ट्या वरच्या आडव्या आधारासाठी उपयोगी पडतात. मागची बाजू ६ मिलिमीटरच्या पातळ तक्त्यातून स्वतंत्र काढावी. आखणी न करता कापायला सुरुवात झाली की तिसरा तक्ता हमखास मागवावा लागतो.

आधी रंगाचे अस्तर, मग जोडणी

बहुतेक घरांत पेट्या आधी बसवल्या जातात आणि नंतर रंगारी येतो. त्याचा ब्रश जेथे पोहोचतो तेवढाच भाग रंगतो. भिंतीकडील पाठ, फरशीकडील तळ आणि कापलेल्या कडा कोऱ्याच राहतात. प्लायवुड पाणी पिते ते मुख्यतः याच कडांतून. एका बाजूने रंगलेली आणि दुसऱ्या बाजूने कोरी असलेली फळी ओलाव्याने असमान फुगते आणि वाकते, हेही सुतारकामातील सर्वपरिचित सत्य आहे.

कोऱ्या लाकडाचा दुसरा धोका जैन घराला अधिक विचारात पाडणारा आहे. लाकूड पोखरणाऱ्या काही भुंगेऱ्यांची मादी कोऱ्या लाकडाच्या उघड्या छिद्रांत अंडी घालते. त्यांतून निघालेल्या अळ्या आतील पिष्टावर जगतात आणि कित्येक महिन्यांनी पिठासारखा भुसा मागे ठेवून बाहेर पडतात. तो भुसा दिसू लागेपर्यंत आत मोठी वस्ती झालेली असते. मग कुटुंबापुढे दोनच वाटा उरतात: औषध मारून त्या जीवांचा संहार करणे किंवा केलेला खर्च डोळ्यांदेखत वाया जाऊ देणे. लाकूड चांगले सुकवलेले व कारखान्यातच कीडप्रतिबंधक प्रक्रिया केलेले घेतले आणि सहाही बाजूंनी छिद्रे बुजवली, तर हा धर्मसंकटाचा प्रसंग बहुधा टळतो. जीव उत्पन्नच होणार नाही अशी व्यवस्था आधी करणे, हाच श्रावकाचा विवेक होय.

म्हणून क्रम असा ठेवावा. पेट्यांचे भाग कापून झाले आणि बिजागऱ्यांची भोके पाडून झाली की दारे सुटी करून त्यांवर आतल्या बाजूने क्रमांक घालावेत. सर्व भाग १२० व नंतर १८० क्रमांकाच्या पॉलिशपेपरने रेषांच्या दिशेने घासून धूळ कोरड्या कापडाने पुसावी. मग पाठ, तळ आणि कडा धरून सर्वत्र लाकडाच्या प्रायमरचा एक हात द्यावा. कडांना दोन हात द्यावेत. खिळ्यांच्या खोबणी आणि सांधे लांबीने भरावेत, २२० क्रमांकाच्या कागदाने पुन्हा घासावे आणि प्रायमरचा दुसरा हात द्यावा. पाठीला व तळाला रंगाचा एक हातही याच वेळी देऊन टाकावा. पेट्या यानंतरच जागेवर न्याव्यात.

बसवण्यापूर्वी नळाची गळती बंद झालेली आणि भिंत पूर्ण वाळलेली असली पाहिजे. फरशी सहसा तंतोतंत सपाट नसते. म्हणून तिचा सर्वांत उंच बिंदू शोधून तेथून पातळीची रेषा भिंतीवर आखावी. ओट्याखालच्या पेट्या फरशीवर टेकवू नयेत. चार इंची पायांवर ठेवाव्यात, म्हणजे खाली पुंजणी फिरते आणि पाणी सांडले तरी लाकडाला लागत नाही. शेजारच्या दोन पेट्यांच्या पुढच्या कडा शिकंज्याने एकसारख्या धरून मगच स्क्रूने जोडाव्यात. भिंतीवरच्या पेट्यांना मागे आडवी भक्कम पट्टी असावी आणि तीमधून भिंतीत स्क्रू जावेत; नुसत्या पातळ पाठीवर वर्षभराच्या डाळी-कडधान्यांचे वजन सोडू नये. पेटी भिंतीला जेथे मिळते तेथील फट सिलिकॉनने बंद करावी. गॅसच्या नेमक्या वर पेटी न करणेच उत्तम.

रंगाच्या डब्यात काय आहे

आहाराच्या पाकिटावरील घटक वाचण्याची सवय आपल्या घरांत आहे. लाकूडकामाच्या सामानाकडे मात्र त्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते.

फ्रेंच पॉलिश ज्या चपड्यापासून होते, तो लाखेच्या किड्याचा स्राव आहे. फांद्यांवरील लाख खरवडताना असंख्य किडे तिच्याबरोबर चिरडले जातात. पाईनच्या लाकडातील गाठींतून राळ झिरपू नये म्हणून लावण्याच्या अस्तरातही अनेकदा चपडाच असतो. त्याऐवजी गाठी नसलेले लाकूड निवडावे किंवा डाग अडवणारा तैलप्रायमर मागावा. काही तयार पॉलिशांत मधमाश्यांचे मेण असते. जुन्या काळी सुतार जो सरस वापरत, तो जनावरांची कातडी व हाडे उकळून केलेला असे. १९५९ साली फेविकॉल बाजारात आले आणि अशा कृत्रिम पांढऱ्या गोंदामुळे सरसाची गरज हळूहळू संपली. स्वयंपाकघरासाठी त्यातील पाण्याला टिकणारा प्रकार घ्यावा. ब्रशची निवडही डोळसपणे करावी. ‘नैसर्गिक केसांचा’ म्हणून विकला जाणारा रंगाचा ब्रश बहुधा डुकराच्या केसांचा असतो. नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या तंतूंचा ब्रश सहज मिळतो आणि पाण्यात विरघळणाऱ्या रंगासाठी तोच अधिक योग्यही असतो.

रंग म्हणून पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक इनॅमल स्वयंपाकघराला सोयीचे पडते. त्याचा वास कमी असतो, आणि बंद पेटीच्या अंधारात तेलाच्या इनॅमलसारखे ते पिवळे पडत नाही. पातळ दोन हात द्यावेत. जाड एक हात ओघळतो. डब्यावरील शिशाविषयीची नोंद वाचावी. २०१६ च्या नियमांप्रमाणे १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांहून अधिक असता कामा नये. त्याआधी रंगवलेल्या जुन्या फळ्या किंवा चौकटी घासायच्या असतील, तर पाणी लावून घासाव्यात, तोंडाला मास्क बांधावा आणि मुलांना व गर्भवती स्त्रियांना दूर ठेवावे.

पेटी आतून पांढरी किंवा फिकट रंगवावी. अंधाऱ्या रंगावर मुंगी दिसत नाही. पांढऱ्यावर ती डबा ठेवण्याआधी दिसते आणि हळूच बाजूला करता येते.

रंगकाम दिवसाउजेडीच करावे आणि सूर्यास्तापूर्वी आटोपावे. रात्री दिव्याभोवती जमणारी पाखरे ओल्या रंगावर बसतात आणि तेथेच चिकटून मरतात. त्यात जीवही जातो आणि पृष्ठभागही खराब होतो. चौविहार पाळणाऱ्या घराला ही वेळेची मर्यादा नवी नाही. रंगाचा, टर्पेंटाइनचा व ब्रश धुण्याच्या पाण्याचा डबा क्षणभरही उघडा ठेवू नये. आषाढ ते कार्तिक या चार महिन्यांत असे काम न काढण्याची आपली रीत सुताराच्या दृष्टीनेही योग्यच आहे, कारण पावसाळ्यात लाकूड ओलावा धरून असते आणि रंग नीट वाळत नाही.

वाळेपर्यंतचा धीर

हे इनॅमल काही तासांत हाताला कोरडे लागते, पण पक्के कठीण होण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. एवढ्या मुदतीत जड डबे ठेवले तर ते फळीला चिकटतात आणि उचलताना रंगाचा पापुद्रा निघतो. म्हणून दारे उघडी ठेवून वारा खेळू द्यावा आणि तोवर रोजचे चार डबे ओट्यावरच ठेवून निभवावे.

घासणे व रंगवणे ही वेळखाऊ कामे आहेत, अवघड नव्हेत. घरातील तरुण मुलांनी चार रविवार दिले, तर मजुरीचा मोठा भाग वाचतो. रंगवलेल्या दारांचा आणखी एक लाभ पुढील वर्षांत कळतो. सनमायका कडेने सुटून आत पाणी गेले की दार सहसा टाकूनच द्यावे लागते. रंग उडाला तर तेवढाच भाग घासून पुन्हा रंगवता येतो. म्हणून रंगाचा लहानसा डबा घट्ट झाकून जपून ठेवावा. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याआधी, सिंकखालची पेटी रिकामी करून कडा आणि सांधे तपासावेत.

अपरिग्रह म्हणजे घरात काहीच नसणे नव्हे. जे आहे ते गरजेपुरते असावे, जपून वापरले जावे आणि त्यापायी कोणा जीवाला पीडा होऊ नये. ओट्याखालच्या चार साध्या, सर्व बाजूंनी नीट रंगवलेल्या पेट्या या कसोटीला उतरतात. त्यांवर वाचलेली रक्कम साधर्मिक भक्तीला द्यावी की मुलांच्या शिक्षणाला, हा विचार मग कुटुंबाने एकत्र बसून करावा.