एक ठेका, अनेक गाणी



हुमनाबादचा उन्हाळा मला आठवतो तो हलगीच्या आवाजातून. चैत्र-वैशाखात लग्नसराई सुरू झाली की संध्याकाळी वराती निघत. वाजवणारे रस्त्याच्या कडेला पाचट पेटवून हलगी शेकीत. पावसाळ्यात सैल पडणारे कातडे उन्हाळ्यात ताणलेले राही आणि आवाज खणखणीत येई. आम्ही मुले गाणी ओळखत असू. वाजवणाऱ्याचे नाव मात्र कधी कोणी विचारले नाही. आज त्या न विचारलेल्या नावाविषयी बोलावयाचे आहे, आणि त्यासाठी दूरच्या जमैका बेटाचे उदाहरण घेतो.

तेथील 'डान्सहॉल' या नृत्यसंगीतात गाणे आणि त्याखालचा ठेका ही दोन स्वतंत्र कामे मानतात. वाद्यांच्या तयार साच्याला 'रिडिम' म्हणतात. एकाच रिडिमवर अनेक गायक आपापले शब्द व चाल बसवितात, आणि रिडिमला स्वतःचे नाव असते. १९८५ साली वेन स्मिथ या गायकाचे गाणे गाजले ते 'स्लेंग टेंग' या रिडिमवर. त्याचा मूळ ठेका कॅसिओ कंपनीच्या एका लहानशा इलेक्ट्रॉनिक वाद्यात आधीच भरलेला होता. तो रचणाऱ्या ओकुदा हिरोको या तरुण जपानी स्त्रीचे नाव श्रोत्यांना पुष्कळ वर्षे ठाऊकही नव्हते.

पुढे स्टीव्हन मार्सडेन यांनी टाळ्यांवर उभा केलेला एक रिडिम रचला. त्याचे नाव 'दिवाळी'! शॉन पॉल व वेन वंडर या दोघांची २००३ च्या सुमारास जगभर गाजलेली गाणी त्याच एका रिडिमवर आहेत. हिंदुस्थानातील करारबद्ध मजूर १८४५ पासून जमैकात गेले. तेव्हा हा शब्द तेथे अगदीच परका नव्हे.

आता आठ मात्रा मोजा आणि पहिल्या, चौथ्या व सातव्या मात्रेवर टाळी द्या. तीन, तीन, दोन. डान्सहॉलचा पुष्कळसा डौल या असमान वाटणीत आहे. आपल्या केरव्यातही मात्रा आठच. पण वाटणी चार-चार अशी सारखी. मोजदाद एक, वजन निराळे.

एका ठेक्यावर अनेक गाणी ही गोष्ट आपल्यालाही नवी नाही. शेजारच्या माणिकनगरच्या माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठी, कन्नड आणि हिंदीतही पदे रचली. या सीमाभागात भजनाची भाषा बदलते, ठेका तोच राहतो. ओसरीवर बसलेला मराठी माणूस आणि कन्नड माणूस एकाच समेवर मान डोलावतात.

मात्र आपल्याकडे पदकर्त्याचे नाव शेवटच्या कडव्यात टिकले. ठेका धरणाऱ्याचे कोठेच टिकले नाही. हलगी बहुधा मातंग व मादिग समाजाच्या हाती राहिली. लग्न तिच्यावाचून अडे, पण ती वाजवणारा मंडपाबाहेर उभा असे. ताल आम्ही घरात घेतला आणि माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवले. त्या गर्दीत नाचणाऱ्यांत मीही होतो, हे आज सांगितलेच पाहिजे.

ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण जमलो आहोत, ते हजेरी घेताना प्रत्येकाचे नाव वडिलांच्या नावासह उच्चारीत, मागच्या बाकावरच्याचेही. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच, की येत्या उन्हाळ्यात आपापल्या गावी वरात निघेल तेव्हा हलगीवाल्यापाशी थांबा, त्याला पूर्ण नाव विचारा, कोणाकडून शिकला ते विचारा, आणि वहीत लिहून ठेवा. ती हजेरी घ्यावयाची राहून गेली आहे.