एका रोलमध्ये फक्त चार फोटो

फोटो कधी खोटे बोलत नाही, असे आपण म्हणतो. परंतु फोटो चौकटीपुरतेच बोलतो. हिरवे झाड चौकटीत घेतले आणि शेजारची खाण बाहेर ठेवली, तर तो फोटो खोटा ठरत नाही. मात्र अपुरा नक्कीच राहतो. हा अपुरेपणा कमी करणारा एक कॅमेरा आहे. त्याचे नाव पॅनोरॅमिक कॅमेरा. मोबाईलच्या या काळातही काही छायाचित्रकार तो फिल्म घालून वापरतात. त्याची ओळख आपल्या घरातील मुलामुलींना असावी, म्हणून हा लेख.

कॅमेरा कसा असतो?

जुन्या कॅमेऱ्यांत ३५ मिलिमीटरचा रोल असे. त्यातील एक निगेटिव्ह २४ बाय ३६ मिलिमीटरची. पॅनोरॅमिक कॅमेऱ्यात याहून रुंद, '१२०' नावाचा रोल घालतात. जर्मनीच्या लिनहॉफ आणि जपानच्या फुजी या कंपन्यांनी '६ बाय १७' मापाचे कॅमेरे काढले. त्यांची निगेटिव्ह सुमारे ५६ बाय १६८ मिलिमीटर, म्हणजे उंचीच्या तिप्पट लांब असते. क्षेत्रफळ मोजले तर ती ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हपेक्षा जवळजवळ अकरा पट मोठी भरते. त्यामुळे मोठ्या छपाईतही दूरच्या घराची खिडकी स्पष्ट दिसते. ९० मिलिमीटरचे भिंग लावले तर डावीकडून उजवीकडे सुमारे ८६ अंशांचा देखावा एकाच क्षणी टिपला जातो.

मोबाईल असा लांब फोटो तुकडे जोडून तयार करतो. मध्येच कोणी चालत गेले, तर त्याचा हात एकीकडे आणि पाय दुसरीकडे जातो. ६ बाय १७ च्या कॅमेऱ्यात जोडकाम नसते. एकदा शटर उघडले की सारे एकदमच फिल्मवर उमटते.

हाताळणी

या रोलमध्ये फक्त चार फोटो बसतात. साहजिकच हा कॅमेरा घाईगर्दीचा नव्हे. फिल्मच्या मागील कागदावर बाण असतो. तो कॅमेऱ्यातील खुणेशी जुळवून मगच झाकण लावायचे. कॅमेऱ्यात प्रकाशमापक नसतो. तो वेगळा बाळगावा लागतो. अंतराचा अंदाज स्वतः घेऊन भिंगावरचा आकडा फिरवायचा. पाहण्याची खिडकी भिंगापासून वेगळी असल्याने भिंगावरचे झाकण तसेच राहिले तरी कळत नाही आणि चारातला एक फोटो वाया जातो!

कॅमेऱ्यावर गवंड्याच्या पाणसळीसारखी छोटी बुडबुड्याची नळी असते. बुडबुडा मध्यभागी आणल्याशिवाय बटण दाबू नये. कॅमेरा बाजूला कलला तर क्षितिज तिरपे येते. वर-खाली कलला तर घरे-खांब एकमेकांकडे झुकलेले दिसतात. रुंद भिंगामुळे फोटोच्या दोन्ही कडा काळवंडतात. त्यासाठी मध्ये गडद आणि कडेला पारदर्शक अशी काच भिंगापुढे बसवतात. तिच्यामुळे प्रकाश कमी होतो, शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागते आणि म्हणून तिपाई हवीच.

कौडेल्का यांची साक्ष

या कॅमेऱ्याचे सामर्थ्य जगाला दाखवणाऱ्यांत योसेफ कौडेल्का यांचे नाव घ्यावे लागेल. त्यांचा जन्म १९३८ साली मोराविया प्रांतात झाला. पेशाने ते विमान अभियंता होते. युरोपात हेटाळणी सोसणाऱ्या रोमा समाजाचे त्यांनी काढलेले फोटो प्रसिद्ध आहेत. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्राग शहरात घुसले, तेव्हा त्यांनी रस्त्यावर उतरून फोटो टिपले. ते फोटो त्यांच्या नावाविना परदेशात छापले गेले. १९७० साली त्यांनी देश सोडला.

१९८६ साली फ्रान्सच्या एका सरकारी प्रकल्पासाठी त्यांनी पॅनोरॅमिक कॅमेरा हाती घेतला. १९९० मध्ये मायदेशी परतल्यावर तोच कॅमेरा घेऊन ते उत्तर बोहेमियात गेले. तेथील हलक्या प्रतीच्या कोळशासाठी मैलोन्‌मैल जमीन उघडी खोदली होती. वीजकेंद्रांच्या धुरातील गंधकाने डोंगरावरची जंगले वाळून गेली होती. या प्रदेशाला 'काळा त्रिकोण' म्हणत. त्याच नावाचे त्यांचे पुस्तक १९९४ साली निघाले.

लांब चौकटीचे मोल येथे कळते. चिमुकल्या चौकटीत केवळ वाळके झाड मावले असते. लांब पट्टीत झाड, खड्डा, पाईप आणि धुराडे एका ओळीत उभे राहू शकतात. नुकसान आणि नुकसानीचे कारण एकाच कागदावर आले, म्हणजे पाहणाऱ्याला ते टाळता येत नाही. पुढे २००८ ते २०१२ या काळात कौडेल्का यांनी इस्रायलने पॅलेस्टिनी भागात उभारलेल्या भिंतीचेही असेच फोटो घेतले. ते 'भिंत' या अर्थाच्या नावाने २०१३ साली पुस्तकरूपात आले.

जागा पुसली जाते

याच कोळशाच्या पट्ट्यात मोस्ट नावाचे जुने शहर होते. खाणीसाठी ते पाडले गेले. त्यातील जुने चर्च मात्र १९७५ साली रुळांवर ठेवून, सुमारे चार आठवड्यांत, ८४१ मीटर दूर सरकवले. चर्च वाचले, भोवतीच्या गल्ल्या आणि घरे गेली. आता त्या गल्ल्या पाहायच्या तर जुन्या फोटोंतच!

६ बाय १७ चा कॅमेरा महाग आहे; फुजीचे असे कॅमेरे तर आता तयारही होत नाहीत. प्रत्येकाने तो घ्यावा, असे आमचे म्हणणे नाही. त्याची शिस्त मात्र फुकट घेता येते. घराचा फोटो काढताना दोन पावले मागे सरा. शेजारचे दार, नळ, झाड, रस्ता हे सारे चौकटीत येऊ द्या. दहा काढण्याऐवजी विचार करून चार काढा. फोटोची छापील प्रत घ्या आणि मागे पेन्सिलीने तारीख, जागा व माणसांची नावे लिहा. निगेटिव्ह असतील तर ओलीपासून जपा. उद्या रस्ता रुंद होईल, वस्ती हलेल. तेव्हा आपण कोठे राहत होतो, हे नातवंडांना तोच कागद सांगेल.